सापडला म्हणून लगेच काढू नका

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरच्या कॉम्प्युटरांत नॉटपेट्या नावाचा मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पसरला होता, आणि कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच बंद पडली होती. पुढे मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. हा हल्ला आला तोच गाजावाजा करत, त्यामुळे निदान तो झालाय हे पहिल्या तासातच कळलं.

मला जास्त काळजी वाटते ती न बोलणाऱ्या मालवेअरची. तो एकाच कंपनीसाठी बेतलेला असतो, काहीही बिघडवत नाही आणि महिनोन्‌महिने आत बसून कागदपत्रं बाहेर पाठवत राहतो. लोटे परशुराम आणि महाडच्या वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत, रत्नागिरीतून मासळी आणि आंब्याचा पल्प परदेशी जातो. प्रक्रियेची कृती, खरेदीदारांची यादी, पुढच्या हंगामाचे दर, यातलं काहीही चोरण्याजोगं आहे. ‘आमच्याकडे कोण येतंय?’ हे वाक्य मात्र सगळीकडे ऐकू येतं, आणि घुसणाऱ्याला तेच हवं असतं.

लोट्यातला एखादा कारखाना कल्पून पाहा. नेहमीच्या परदेशी खरेदीदाराच्या नावाने मेल येतो, सोबत ऑर्डरची फाइल. अकाउंट्समधला माणूस ती उघडतो. ऑर्डर दिसते, काम पुढे जातं. मागे काय शिरलं ते कुणाला दिसत नाही. अँटिव्हायरसही गप्प, कारण त्याचा मोठा भरवसा आधीपासून माहीत असलेल्या घातक फाइलींच्या ठशांवर, म्हणजे फाइलीवरून काढलेल्या ओळख-आकड्यांवर असतो. फाइलीतला एक बाइट बदलला तरी तो ठसा पूर्ण बदलतो. नवे अँटिव्हायरस वागणुकीवरूनही संशय घेतात, पण सराईत हल्लेखोर आपली फाइल आधी त्यांच्यावर चालवून बघतो आणि मगच पाठवतो.

तरीही तो सापडतो. आत बसलेल्या मालवेअरला हुकूम घ्यायला बाहेरच्या मालकाशी बोलावंच लागतं, आणि हे बोलणं फायरवॉलच्या, म्हणजे कंपनी आणि इंटरनेट यांच्यातल्या पहारेकऱ्याच्या, नोंदींत उमटतं. समजा, अकाउंट्समधला एक कॉम्प्युटर रात्री १:०४, १:१४, १:२३, १:३४ असा इंटरनेटवरच्या एकाच अनोळखी पत्त्याशी जोडला जातोय आणि दर वेळी पाठवलेला मजकूर जवळपास तेवढाच आहे. माणूस इंटरनेट असं वापरत नाही. तो पाच मिनिटांत पन्नास पानं उघडतो आणि मग तासभर जेवायला जातो. म्हणून तपास करणारे प्रत्येक पत्त्यासाठी दोन जोडण्यांमधलं अंतर काढतात. हल्लेखोर त्या अंतरात मुद्दाम थोडा मागेपुढेपणा घालतो, पण आठवडाभराच्या नोंदी एकत्र मांडल्या की आकडे दहा मिनिटांच्या आसपासच घुटमळताना दिसतात. त्यात कंपनीतला दुसरा एकही कॉम्प्युटर त्या पत्त्याकडे कधी गेलेला नसेल, तर संशयाला बळकटी येते.

दुसरी खूण लॉगिनची. विंडोज प्रत्येक यशस्वी लॉगिन ४६२४ या क्रमांकाखाली नोंदवतं. अकाउंट्सच्या माणसाचं खातं मध्यरात्री प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर जाऊन आलं असेल, तर सकाळी त्यालाच विचारावं. एवढ्याशा विचारपूसीतून केवढं बाहेर येतं याचं उदाहरण २०२० च्या अखेरीचं आहे. फायरआय या सुरक्षा कंपनीत लॉगिनची खातरजमा करण्यासाठी एका कर्मचाऱ्याच्या नावावर दुसरा फोन नोंदवला गेला. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, माझा नाही. तो धागा धरून सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये लपवलेला मालवेअर उघडकीला आला. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो अपडेट गेला होता. आत शिरल्यावर तो पहिले सुमारे दोन आठवडे हालचालच करत नसे.

आता काढण्याकडे येऊ, कारण घोळ होतो तो इथे. संशयित कॉम्प्युटर सापडला की पहिली प्रतिक्रिया असते, ‘बंद कर आणि फॉरमॅट मार.’ बंद केला की मेमरी, म्हणजे रॅम, पुसली जाते, आणि काही मालवेअर तेवढ्या मेमरीतच राहतात. म्हणजे पुरावा गेला. फाइल तपासायला सार्वजनिक वेबसाइटवर टाकणंही धोक्याचं, कारण आपला माल तिथे कुणी टाकलाय का यावर हल्लेखोरांचीही नजर असते. कंपनीच्या मेलवर याची चर्चा करू नये, तो मेल तेही वाचत असतील. आणि एकच कॉम्प्युटर साफ केला तर बाकीच्या कॉम्प्युटरांत बसलेले सावध होऊन पत्ते बदलतात.

खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खेकड्यांनी बांध पोखरला की एक बीळ बुजवून भागत नाही. सगळी बिळं हेरून ठेवायची आणि एका ओहोटीत बुजवायची, नाहीतर राहिलेल्या बिळातून भरती शिरते आणि खांड पडते. इथेही तसंच: बाधित कॉम्प्युटर, चोरलेली खाती, बाहेरचे पत्ते, आपोआप सुरू होणारी छुपी कामं यांची यादी शांतपणे पुरी करायची. मग सुट्टीची रात्र धरून बाहेरची जोडणी तोडायची, ते सगळे कॉम्प्युटर कोरे करून नव्याने भरायचे आणि सगळे पासवर्ड बदलायचे. यादी होईपर्यंत चोरी चालू राहते हे खरं आहे, आणि मालकाला ते सोसवत नाही. ऐन मोक्याची माहिती जात असेल तर तेवढा सर्व्हर काहीतरी निमित्त काढून, दुरुस्तीच्या नावाखाली, बाजूला घ्यावा.

पासवर्डच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. विंडोजच्या नेटवर्कमध्ये ‘केआरबीटीजीटी’ नावाचं एक अंतर्गत खातं असतं. नेटवर्कमधल्या प्रवेशपत्रांवर त्याच्याच किल्लीने शिक्का बसतो. ती किल्ली चोरलेला माणूस कुणाच्याही नावाचं प्रवेशपत्र स्वतः छापू शकतो, मग कर्मचाऱ्यांनी शंभरदा पासवर्ड बदलोत. या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण मागचा पासवर्डही ते लक्षात ठेवतं. प्रवेशपत्राची मुदत साधारण १० तासांची असते, म्हणून दोन बदलांत निदान तेवढं अंतर ठेवतात, म्हणजे चालू कामं अडत नाहीत.

बॅकअप वापरताना तारीख बघा. घुसखोर मार्चमध्ये आला असेल तर एप्रिलच्या बॅकअपमध्येही तो आहे. त्यातला डेटा तपासून घ्यावा, प्रोग्रॅम मात्र मूळ ठिकाणाहून नवे घ्यावेत. पण तो मार्चमध्ये आला हे कळायला जुन्या नोंदी हव्यात, आणि विंडोजच्या साध्या कॉम्प्युटरवर सुरक्षा-नोंदींना मुळात २० एमबी एवढीच जागा असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. ही मर्यादा आजच वाढवा आणि नोंदी वेगळ्या सर्व्हरवर साठवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे या नोंदी (लॉग) १८० दिवस जपायच्या असतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायचं असतं.

साफसफाईनंतर निदान काही आठवडे फायरवॉलच्या नोंदी रोज बघाव्यात. बंद केलेल्या पत्त्याशी एखादा कॉम्प्युटर अजूनही जोडू पाहत असेल, तर तो यादीतून सुटलेला आहे. त्याच्यावरून आणखी कुठे लॉगिन झालं ते आधी तपासायचं, आणि मग तोही कोरा करायचा.