आर्बर डे (नेब्रास्का सिटी)

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात मिसुरी नदीकाठी वसलेल्या नेब्रास्का सिटी या गावाचा वृक्षारोपणाचा वार्षिक उत्सव. तो एप्रिलच्या अखेरीस होतो. पुढे असा दिवस अमेरिकाभर आणि इतर अनेक देशांतही पाळला जाऊ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या भागात आलेल्या वसाहतकऱ्यांना समोर गवताळ माळच माळ दिसला. झाडे होती ती मुख्यतः नदीनाल्यांच्या काठाने. घराला लाकूड नाही, चुलीला सरपण नाही, वारा अडवायला आडोसा नाही. मुळांनी घट्ट विणलेल्या मातीचे चौकोनी तुकडे कापून कित्येकांनी त्यांच्याच भिंती रचल्या. अर्थात, माळ ओसाड वाटला तो त्यांना. ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी होती आणि १८५४ च्या कराराने ती त्यांच्या हातून गेली होती.

त्याच वर्षी पत्रकार जे. स्टर्लिंग मॉर्टन पत्नी कॅरोलाइनसह नेब्रास्कात आले. घराभोवती त्यांनी झाडे लावली, फळबाग केली, आणि आपल्या वृत्तपत्रातून शेजाऱ्यांनाही झाडे लावायला सांगत राहिले. ४ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी राज्य कृषी मंडळापुढे वृक्षारोपणासाठी एक दिवस राखून ठेवण्याचा ठराव मांडला. काही सदस्यांना ‘सिल्वन डे’ हे नाव हवे होते. ‘सिल्वन’मध्ये फक्त रानातली झाडे येतात, ‘आर्बर’मध्ये फळझाडेही येतात, असे मॉर्टन यांचे म्हणणे पडले. सफरचंदाची बाग हाताने उभी करणाऱ्या माणसाचा हा आग्रह समजण्याजोगा आहे. सर्वाधिक झाडे लावणाऱ्या काउंटीला (जिल्ह्याला) आणि व्यक्तीला बक्षिसे जाहीर झाली. १० एप्रिल १८७२ रोजी पहिला आर्बर डे झाला, तेव्हा राज्यात सुमारे १० लाख झाडे लागली, असा अंदाज आहे.

१८८५ मध्ये मॉर्टन यांचा जन्मदिवस, २२ एप्रिल, ही कायदेशीर सुट्टी ठरली. त्या वर्षीचा नेब्रास्का सिटीतला सोहळा मुलांचा होता. सकाळी प्रत्येक इयत्तेने निदान एक झाड लावले, त्यावर इयत्तेच्या नावाची पाटी बांधली आणि त्याची निगा त्याच मुलांकडे सोपवली गेली. मग सुमारे १,००० मुलांची मिरवणूक मॉर्टन यांचे भाषण ऐकायला गावच्या नाट्यगृहाकडे निघाली. रोप लावण्याइतकेच ते कोण जगवणार हेही त्या सकाळी ठरले होते, आणि या उत्सवातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच म्हणावी लागेल.

मॉर्टन पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री (१८९३–९७) झाले. त्यांचे ‘आर्बर लॉज’ हे ५२ खोल्यांचे घर पुढे राज्याचे ऐतिहासिक उद्यान झाले.

भारतात १९५० साली तत्कालीन कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. नेब्रास्कात थंडी सरून जमीन मोकळी होते ती वसंतात, म्हणून तिथे एप्रिल. आपल्याकडे एप्रिलमध्ये लावलेले रोप उन्हाने करपेल, म्हणून मृगाचा पाऊस पडून माती भिजल्यावर.