आंतरसांस्कृतिक संकटसंवाद

पूर, साथ, भूकंप किंवा कारखान्यातील आग अशा वेळी भाषा, श्रद्धा आणि राहणी वेगळी असलेल्या लोकांपर्यंत उपयोगी माहिती पोहोचवणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, याला आंतरसांस्कृतिक संकटसंवाद म्हणतात. संज्ञापनशास्त्राच्या, म्हणजे संवादाच्या अभ्यासाच्या, दोन शाखा त्यात एकत्र येतात: आंतरसांस्कृतिक संवाद आणि संकटसंवाद. संस्कृती शब्दांइतकीच न बोललेल्या गोष्टींतूनही बोलते, हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९५९ मध्ये मांडले. संकटसंवादाचे अभ्यासक टिमथी कूम्ब्स यांच्या मते, लोक दोष कोणाला देतात यावर संस्थेचे उत्तर ठरावे. मात्र जीव कसा वाचवायचा हे सर्वांत आधी सांगावे, खुलासे मागाहून.

सोलापुरात या विषयाला रोजच्या जगण्याचा आधार आहे. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी नांदतात. पूर्वभागातील पद्मशाली विणकरांची मुळे तेलंगणात, तर अक्कलकोटकडे कन्नड घराघरांत. विड्या वळणारी आजी बाजारात मराठी बोलते, पण आजार आणि मृत्यूविषयी तिचे मन घरच्या भाषेतच उघडते. म्हणून तिला मराठी येते एवढ्यावर थांबू नये. २०२० च्या कोरोनाकाळात सर्वत्र वापरला गेलेला ‘विलगीकरण’ हा शब्द तर मराठी घरांनाही परकाच होता. माणसाला कुठे नेणार, जेवण कोण देणार, घरचे भेटू शकतील का, हे त्यातून कळत नाही, आणि न कळलेल्या जागी अफवा शिरते.

याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. तिथे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, जखमींवर उपचार केले आणि १९४२ मध्ये तिथेच देह ठेवला. आपत्तीत परक्या माणसाची भाषा शिकून घेणारा याहून मोठा सोलापूरकर दाखवता येणार नाही.

भीमाकाठी अडचण भाषेपेक्षा मापाची असते. उजनी धरणातून एक लाख क्युसेक विसर्ग, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी. पण या आकड्यावरून गोठा सोडायचा की नाही हे ठरत नाही. पंढरपुरात जुना दगडी पूल पाण्याखाली जाणार, असे म्हटले की लगेच उमगते. गावातही तसेच: ओढ्यावरचा पूल, स्मशानभूमी, मारुतीच्या देवळाची पायरी या खुणा निरोपात हव्यात. भोंग्यावरून सांगून झाल्यावर दोघाचौघांकडून तो निरोप परत म्हणवून घेतला, तर काय चुकीचे ऐकले गेले ते तिथेच कळते.