१६ ओहम आला कुठून? गिटारच्या स्पीकर पेटीची पार्श्वभूमी

इंदूरला आमच्या ओळखीतल्या कुठल्याही पोरानं ट्यूबचं हेड घेतलं की आठ दिवसांत फोन येतो, काका कॅबिनेट (म्हणजे स्पीकरची पेटी) कोणतं घेऊ. आणि मी उत्तर देईपर्यंत त्याने जेल रोडवरून कुठला तरी बारा इंची स्पीकर उचललेला असतो, तारा सोलून लावायची तेवढी बाकी असते. हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अँप, कॉम्बो म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, आणि ट्यूब म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे काचेचे व्हॉल्व्ह. पण पेटी निवडताना जो गोंधळ होतो ना, तो साठीच्या दशकातला आहे, आपण अजून निस्तरतोय.

तर १९५९ च्या सुमाराला फेंडरचा बासमन म्हणून एक कॉम्बो होता, बास गिटारसाठी काढलेला, चार दहा इंची स्पीकर, पाठ उघडी. बासवाल्यांपेक्षा लीड वाजवणाऱ्यांनाच तो जास्त आवडला. इंग्लंडमध्ये तो आणायचा म्हणजे महागडं काम, म्हणून पश्चिम लंडनच्या हॅनवेलमधल्या एका ड्रम शिकवणाऱ्या दुकानदाराने १९६२-६३ ला त्याच सर्किटवरून स्वतःचा अँप बनवून घेतला, तोच मार्शलचा जेटीएम४५. सर्किट जवळजवळ तेच, पण स्पीकर मिळाले ते इंग्लंडचेच, सेलेशनचे बारा इंची, आणि ते जेमतेम १५ वॅट सहन करणारे. दोन लावले तर फाटायचे, मग चार लावले. ४ गुणिले १५ म्हणजे ६०, झालं. आज ज्या ४×१२ पेटीसमोर पोरं हात जोडून उभी राहतात ती ध्वनिशास्त्राच्या अभ्यासातून आलेली नाही हो, या गुणाकारातून आलीये. पेटी बंद केली, पाठीमागे फळी ठोकली, त्यामुळे खालचा आवाज घट्ट झाला आणि सगळा जोर समोर फेकला जाऊ लागला. उघड्या पाठीच्या पेटीत कोनच्या (स्पीकरचा हलणारा पडदा) मागून निघालेला आवाज वळसा घालून पुढे येतो आणि खालचे सूर थोडे खाऊन टाकतो, पण स्टेजवर सगळीकडे पसरतो, ड्रमवाल्यालाही ऐकू येतो. कोणता चांगला यावर लोक भांडतात, मला विचाराल तर घरात उघडी पाठ केव्हाही बरी, पण हे माझं मत झालं.

मोठ्या पेटीचं दुसरं कारण म्हणजे तेव्हा हॉलच्या पीएमधून (लाउडस्पीकर यंत्रणेतून) फक्त गाणाऱ्याचा आवाज जायचा, गिटारने स्वतःच्या जोरावर हॉल भरायचा. १९६५ च्या आसपास गिटार फोडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एकाने आठ स्पीकरची एकच पेटी बनवून मागितली, ती उचलणाऱ्या पोरांच्या कंबरा मोडायला लागल्या, मग तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. स्टॅक म्हणतात तो असा जन्मला. आणि एक सांगून ठेवतो, मार्शलच्या पेटीवर १९६० लिहिलेलं असतं ते साल नाही, मॉडेल नंबर आहे, जुनी म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर हसून निघून या.

आता ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. यावरच मला जास्त बोलायचंय कारण नव्वद टक्के फोन यासाठीच येतात.

अमेरिकेत फेंडरची पद्धत अशी की सगळे ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडायचे. दोन लावले तर ४ होतात, चार लावले तर २. बासमन म्हणूनच २ ओहमचा. इंग्लंडवाल्यांनी १६ ओहमचे स्पीकर घेतले (त्याआधीच्यांवर तर १५ लिहिलेलं असायचं), दोन-दोनच्या जोड्या ओळीत जोडून त्या दोन जोड्या समांतर केल्या, त्यामुळे चारही मिळून परत १६. मग अशा दोन पेट्या एका हेडला लावल्या की ८. म्हणजे १६ आणि ८ मध्ये आवाजाचं काही उच्चनीच नाही, दोन देशांतल्या तारा जोडायच्या सवयी आहेत. हेडच्या मागे ४, ८, १६ चं जे बटण असतं ते ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये असलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वेगवेगळी टोकं निवडतं, पेटीवर जे लिहिलंय ते निवडायचं, संपलं.

पण संपत नाही, कारण नंतर ट्रान्झिस्टरचे अँप आले, त्यात तो ट्रान्सफॉर्मरच नसतो, आणि नियम उलटा झाला. ट्रान्झिस्टरला जास्त ओहम लावले तर फक्त वॅट कमी मिळतात, कमी ओहम लावले तर तो जळतो, आणि काहीच लावलं नाही तरी त्याला काही होत नाही. ट्यूबचं तसं नाही, स्पीकर न लावता जोरात वाजवलं तर ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका व्होल्टेज उसळतो की आतलं इन्सुलेशन फुटतं. आणि एका पायरीचा फरक, म्हणजे ८ च्या जागी १६ किंवा ४, चालतो की नाही? फेंडरने कॉम्बोच्या मागे जादा स्पीकरचा जॅक देऊन ठेवलाय, त्यात तसाच दुसरा स्पीकर घातला की ओहम अर्धे होतात, म्हणजे कारखान्यालाच ते मान्य होतं. मार्शलवाले मात्र ऐकताच कानावर हात ठेवतात. मी म्हणतो जुळवूनच लावा, ट्रान्सफॉर्मर इथे सहज मिळत नाही.

इंदूरचा आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे स्पीकरचं काम करणारे जुने मेकॅनिक तयार झाले ते भोंग्यांवर. गणपती, अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे), रात्रभर भोंगे. त्या पीए अँपच्या मागे ४, ८, १६ तर असतंच, शिवाय ७० आणि १०० व्होल्टची लाइन असते, लांबच लांब तार टाकून प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा. त्या कामात ही माणसं उस्ताद होती, पण गिटारची पेटी त्यांच्यासमोर कधी आलीच नव्हती. एका मित्राचा जुना ग्रीनबॅक (सेलेशनचा गिटारचा स्पीकर) मी अशाच एकाकडे नेला (दुकान कोणतं ते राहू द्या), त्याने मल्टिमीटर लावला, म्हणाला भिया आठचा आहे आणि साडेसहा दाखवतोय, कॉइल गेली. गेली कुठली! ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सातच दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो आणि आठ हा आकडा एसीचा, तोसुद्धा नावापुरता. वाजताना तो स्थिर नसतोच, कोन जिथे आपसूक थरथरतो त्या ७५-१०० हर्ट्झच्या आसपास कितीतरी पटींनी वर जातो. हे मला तेव्हा माहिती नव्हतं, मी मान डोलावली, त्याने डीजेच्या स्पीकरचा जाड कोन आणि कापडी कडा बसवून दिली आणि वर म्हणाला, आता जन्मात फाटणार नाही. खरंच नाही फाटला. पण गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ कागदाचा असतो, कडाही कागदाचीच, तो थोडा वाकतो, ओरडतो, पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास गप्प होतो, आणि डिस्टॉर्शनची किरकिर त्याच्यामुळेच झाकली जाते. त्यानंतर ती पेटी लग्नातल्या वरातीसारखीच वाजत राहिली.

पुढचं पटकन सांगतो. स्पीकर दणकट होत गेले, २० मग २५ वॅटचा ग्रीनबॅक, ऐंशीच्या दशकात ७५ वॅटचा जी१२टी-७५, १९८६ ला व्हिंटेज ३०, जो व्हिंटेजही नव्हता आणि ३० वॅटचाही नाही, ६० वॅटचा आहे. म्हणजे ज्या कारणासाठी चार स्पीकर लावले ते कारणच गेलं, पेटी तरी राहिली. मग पीए सुधारला, पेटीसमोर एसएम५७ माइक ठेवून गिटारही पीएमधून जाऊ लागली, म्हणजे माइकला एकच स्पीकर ऐकू येतो, बाकीचे तीन शोभेला. आता तर पेटी आणि माइक दोन्हींचा ठसा फाइलमध्ये मिळतो, त्याला आयआर म्हणतात. इथली बरीच पोरं कार्यक्रमाला फक्त पेडल घेऊन जातात आणि ३५ किलोच्या पेटीला जिन्यात वळवायचा त्रासच संपला. मला ते पटत नाही पण त्यांची पाठ दुखत नाही.

तरी पेटी घ्यायचीच असेल तर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते. ग्रीनबॅक ९८ डीबी, व्हिंटेज ३० चे १००. इथे फरक दोनाचा आहे, पण पूर्ण तीन डीबीचा फरक म्हणजे अँपचे वॅट दुप्पट केल्यासारखं, आणि ते फुकटात मिळतं. दहा बाय बाराच्या खोलीत १५-२० वॅटच्या हेडला एक बारा इंची, उघड्या पाठीचा, अँपच्या बटणाशी जुळणाऱ्या ओहमचा, बस. ट्यूबचा अँप असेल तर स्पीकरचे वॅट अँपच्या दुप्पट धरा, कारण ओढून वाजवला की तो लिहिल्यापेक्षा जास्त देतो.

आणि पेटी इथल्याच सुताराकडून करून घेत असाल, १८ मिमी प्लायची, ८×४ च्या एका शीटमध्ये आरामात होते, तर त्याला बारा इंची स्पीकर आहे एवढंच सांगून चहाला जाऊ नका. तो बारा इंचाचं भोक पाडतो आणि स्क्रू लावायला लाकूडच उरत नाही. भोक साधारण २८३ मिमीचं लागतं, स्वतः कागदावर गोल काढून त्याच्या हातात द्या.