थ्री नॉट थ्री ते एके-२०३ : भारतीय पायदळाच्या काडतुसांची पार्श्वभूमी

भारतीय पायदळाच्या रायफलींत आज प्रामुख्याने तीन निरनिराळी काडतुसे एकाच वेळी चालतात. देशी बनावटीच्या इन्सास रायफलीचे ५.५६ × ४५, एके रायफलींचे ७.६२ × ३९ आणि सिग-७१६ रायफलीचे ७.६२ × ५१ मिलिमीटर. पहिला आकडा गोळीचा ढोबळ व्यास, दुसरा गोळी आणि दारू धरणाऱ्या धातूच्या कवचाची लांबी.

या गुंत्याची सुरुवात १९६२ मध्ये सापडते. चीनशी झालेल्या युद्धात लडाख आणि नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) आपल्या जवानांच्या हाती प्रामुख्याने थ्री नॉट थ्री (.३०३) ही जुनी रायफल होती. तिची गोळी ११ ग्रॅमहून जड, नेम पक्का. पण दर गोळीनंतर पुढचे काडतूस भरण्यासाठी बोल्ट, म्हणजे रायफलीचा खटका-दांडा, हाताने मागे ओढावा लागे. चिनी सैनिकांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. उणीव गोळीत नव्हती, वेगाने गोळीबार करण्यात होती. त्यानंतर आलेल्या, बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या एसएलआरने (आपोआप भरणाऱ्या रायफलीने) ती भरून काढली आणि ७.६२ × ५१ हे काडतूस आपल्याकडे रुळले.

हे काडतूस नाटोने १९५०च्या दशकात अमेरिकेच्या आग्रहाखातर स्वीकारले होते. पायदळाच्या बहुतेक चकमकी ३००-४०० मीटरच्या आतच होतात, हा दुसऱ्या महायुद्धाचा धडा होता. जर्मनीने आणि सोव्हिएत संघाने तो ऐकून आखूड काडतुसे काढली, ७.६२ × ३९ त्यातूनच जन्मले. ब्रिटननेही ७ मिलिमीटरचे मध्यम ताकदीचे काडतूस सुचवले होते. अमेरिकेने ते नाकारले आणि पुढच्या दशकात व्हिएतनाममध्ये स्वतःच त्याहून लहान ५.५६कडे वळली. ब्रिटिशांचे तेव्हा ऐकले असते, तर पुढची बरीच ओढाताण टळली असती, असे मला ठामपणे वाटते.

ओढाताण नेमकी कशाची, ते आकडे सांगतात. ७.६२ × ५१ची सुमारे साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते; ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या घरात. ५.५६ची गोळी जेमतेम ४ ग्रॅमची. वेग थोडा जास्त, ऊर्जा मात्र निम्मी. पण अख्ख्या काडतुसाचे वजनही २४ ग्रॅमवरून १२ वर येते. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट काडतुसे नेतो. खांद्याला बसणारा दणका कमी, त्यामुळे लागोपाठच्या गोळ्यांचा नेम टिकतो. बदल्यात लांबवर जोर घटतो आणि आडोसा भेदण्याची ताकदही. ७.६२ × ३९ या दोहोंच्या मधले: ८ ग्रॅमची गोळी, सुमारे २,००० ज्यूल. जवळून दमदार, पण वेग कमी असल्याने दूर जाताना ती लवकर खाली झुकते.

५.५६ची गोळी शत्रूला मारण्यासाठी नव्हे, जखमी करण्यासाठी निवडली, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. पण निवडीमागची खरी कारणे वजन आणि दणका हीच होती.

पुण्याच्या पाषाणमधील एआरडीई या सरकारी शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने इन्सास घडवली ती याच हिशेबाने, आणि १९९०च्या दशकात ती सैन्यात आली. कारगिलच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला (काडतुसे भरायच्या कप्प्याला) तडे गेल्याच्या तक्रारी गाजल्या. तो दोष मॅगझिनचा होता, पण नाव ५.५६चेही खराब झाले. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी जवळून गाठ पडणाऱ्या तुकड्यांनी एकेच पसंत केली. गोळी लागूनही समोरचा लढत राहतो, ही त्यांची तक्रार हलकी नव्हती. प्रत्यक्ष जीव पणाला लावणाऱ्यांचे ते म्हणणे होते.

मग काटा पुन्हा मोठ्या गोळीकडे झुकला. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६चा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३चा करार झाला. त्या अमेठीजवळ कोरवा येथे बनवायच्या ठरल्या.

ताण आता पुरवठ्यावर आहे. खडकीचा १८६९ पासूनचा आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा, असे काडतुसांचे दोन मोठे कारखाने महाराष्ट्रातच आहेत. पण कारखान्यातून माल कितीही निघाला, तरी पुढच्या ठाण्यावर योग्य पेटी योग्य तुकडीला मिळावी लागते. दोन्ही ७.६२ नावाने सारखी असली, तरी सिगचे काडतूस एकेत बसत नाही. वेगळी रायफल असलेल्या शेजारच्या जवानाची काडतुसे संपली, तर आपली त्याला देता येत नाहीत.