पॅचमधली रिकामी जागा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, केलेली दुरुस्ती (पॅच) त्या भागाची देखभाल करणाऱ्या मेंटेनरकडे जाते ती साध्या ईमेलमधून. याच कर्नलच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लिहायला घेतलं, म्हणून पॅचचं पत्र तयार करणं, पाठवणं आणि आलेलं पत्र कोडवर चढवणं या तिन्ही कामांच्या कमांड गिटमध्येच आहेत. तरीही कोड बिनचूक असताना पॅच चढत नाही, असं होतं. तेव्हा दोष बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत असतो: टॅब, स्पेस आणि ओळीचा शेवट.

पॅचमध्ये पूर्ण फाइल नसते, दोन आवृत्त्यांमधला फरक असतो. फरकाच्या प्रत्येक तुकड्यावर ‘@@ -१२०,७ +१२०,८ @@’ अशी ओळ येते. जुन्या फाइलच्या १२०व्या ओळीपासूनच्या ७ ओळींच्या जागी आता ८ आहेत, एवढंच ती सांगते. खालच्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर खुणेचं: उणे म्हणजे काढलेली ओळ, अधिक म्हणजे घातलेली, आणि स्पेस म्हणजे न बदललेली. समजा एक ओळ काढून दोन घातल्या. वर-खाली तीन-तीन ओळी संदर्भाला ठेवल्या, की जुन्या बाजूला ३+१+३ आणि नव्या बाजूला ३+२+३ असा हिशोब जुळतो.

या सहा संदर्भ-ओळींवर सगळी भिस्त असते. मधल्या काळात कुणी फाइलच्या सुरुवातीला चाळीस ओळी वाढवल्या, तरी त्या सहा ओळी हुडकून गिट बदल योग्य जागी बसवतं. मात्र त्या अक्षर न् अक्षर जुळाव्या लागतात. लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिलेल्या ‘पॅच’ प्रोग्रामची आजची ग्नू आवृत्ती एक-दोन संदर्भ-ओळी जुळल्या नाहीत तरी चालवून घेते. गिट आपणहून तसं करत नाही. हा काटेकोरपणा हवाच, कारण चुकीच्या जागी बसलेला बदल न बसलेल्या बदलापेक्षा कितीतरी घातक.

आता हाच मजकूर नेहमीच्या मेल ॲपमध्ये चिकटवून पाठवला तर काय होतं? कर्नलच्या कोडमध्ये समास टॅबने सोडलेला असतो. ॲपने टॅबच्या जागी स्पेस घातल्या, तर पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, पण संदर्भ जुळत नाही आणि गिट ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ म्हणतं. ॲपने लांब ओळ मध्येच मोडली, तर उरलेल्या अर्ध्या ओळीला सुरुवातीची खूण नसते, वरचा ७ आणि ८चा हिशोब फसतो आणि ‘करप्ट पॅच’ असा संदेश ओळीच्या क्रमांकासह येतो. कुठला संदेश आला यावरून कुठे बिघडलं ते ओळखता येतं. जोडफाइल करून पाठवणं हाही उपाय नाही, कारण तपासणाऱ्याला उत्तरात एकेका ओळीखाली शेरा लिहायचा असतो.

म्हणून पत्र गिटलाच लिहू द्यावं. कमिट करताना, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवताना, ‘-एस’ दिलं की ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ जोडली जाते. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही असते आणि कर्नलमध्ये तिच्याशिवाय पॅच घेत नाहीत. मग कोड लिहिण्याच्या पद्धतीतल्या चुका दाखवणारी, कर्नलसोबत येणारी ‘चेकपॅच’ स्क्रिप्ट चालवावी. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ला -३ दिलं की शेवटच्या तीन कमिटच्या तीन फाइली तयार होतात. या फाइलींच्या पहिल्या ओळीत कायम १७ सप्टेंबर २००१ ही तारीख असते. बदलाशी तिचा संबंध नाही. फाइल फॉरमॅट-पॅचची आहे हे ओळखण्याची ती ठरलेली खूण आहे.

कमिटच्या मजकुराखाली तीन आडव्या रेघांची ‘---’ अशी ओळ असते. तिच्या खाली आणि फरकाच्या वर लिहिलेलं वाचणाऱ्याला दिसतं, पण इतिहासात नोंदलं जात नाही. पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते इथेच लिहावं.

कुणाला पाठवायचं ते कर्नलची ‘गेट-मेंटेनर’ स्क्रिप्ट सांगते. ‘गिट सेंड-ईमेल’च्या सेटिंगमध्ये सर्व्हर, टीएलएस (सुरक्षित जोडणीची पद्धत) आणि सहसा ५८७ हा पोर्ट भरावा लागतो; दुहेरी पडताळणी असलेल्या खात्याला बहुधा वेगळा ॲप पासवर्ड लागतो. आधी ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष न पाठवता चाचणी) करावा, मग पॅच स्वतःलाच पाठवावा. आलेलं पत्र मूळ कच्च्या रूपात जतन करून नव्या शाखेवर (कोडच्या वेगळ्या प्रवाहावर) ‘गिट एएम’ने चढवून पाहावं. ही पायरी कंटाळून टाळू नये; वाटेत काही बिघडत असेल तर ते इथे कळतं.

कच्च्या पत्रात आपलं नाव देवनागरीत असेल, तर तिथे बरोबरची चिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरांची माळ दिसेल. घाबरू नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्राच्या शीर्षभागात प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिला जातो. ‘राम’मध्ये र, काना आणि म अशी तीन चिन्हं, म्हणजे २७ अक्षरं. पॅच चढवताना गिट पुन्हा ‘राम’ करतं.

मेंटेनरने पॅच चढवला की लेखक म्हणून आपलंच नाव राहतं, पण कमिट करणारा, वेळ आणि मागचं कमिट बदलल्यामुळे हॅश, म्हणजे कमिटची ओळख पटवणारा क्रमांक, नवा होतो. म्हणून बदल मुख्य शाखेत पोहोचला का, हे जुन्या हॅशने शोधून सापडत नाही. त्यासाठी ‘गिट चेरी’ आहे. ती फरकाच्या मजकुरावरून ओळख पटवते आणि तसं करताना ओळींचे क्रमांक व रिकाम्या जागा मुद्दाम सोडून देते. आपल्या कमिटपुढे उणे आलं तर बदल पोहोचला. अधिक आलं तर तो अजून गेलेला नाही किंवा मेंटेनरने चढवताना त्यात काही बदललं आहे. तेव्हा कमिटच्या शीर्षकावरून इतिहासात शोधावं.