चेस्टनट : बियांपासून लागवड

चेस्टनट हे फॅगेसी कुलातील, कॅस्टानिया प्रजातीतील पानझडी वृक्ष असून यूरोपीय, चिनी, जपानी व अमेरिकी या त्यांच्या प्रमुख जाती होत. काटेरी आवरणात पिकणारे त्यांचे तपकिरी, पिठूळ कवचफळ भाजून वा उकडून खातात. पाण्यात वाढणाऱ्या शिंगाड्याशी (इंग्रजीत ‘वॉटर चेस्टनट’) त्याचा नावापुरताच संबंध आहे. हिमालयात आढळणाऱ्या हॉर्स चेस्टनटचे बी दिसायला बरेचसे असेच, पण कच्चे खाल्ल्यास विषारी असते. म्हणून बी घेताना जातीची खात्री करणे अत्यावश्यक आहे.

चेस्टनटचे बी वाळवून साठवता येत नाही. ताज्या बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते आणि ते फार उडाले, तर आतील गर्भ मरतो. आंब्याची कोय व फणसाची आठळी यांचा स्वभावही असाच असल्याने पुण्याच्या बागाइतदारांना ही गोष्ट नवी नाही. परंतु कोय पावसाच्या तोंडावर थेट मातीत जाते, तर चेस्टनटला आधी थंडी लागते. थंड प्रदेशात शरद ऋतूत गळालेले बी हिवाळाभर ओल्या पालापाचोळ्याखाली पडून राहते आणि वसंतात रुजते. पुण्याच्या थंडीत रात्रीचा पारा क्वचितच दहा अंशांच्या फारसा खाली उतरतो व दुपारी ऊन तापते, त्यामुळे ही थंडी फ्रीजमधूनच द्यावी लागते.

त्यासाठी कच्चे, टणक बी पाण्यात टाकून तरंगणारे बहुधा काढून टाकतात. उरलेले बी पिळून घेतलेल्या, केवळ दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून, छिद्रे पाडलेल्या पिशवीत १ ते ४ अंश सेल्सियस तापमानाला दोन ते तीन महिने ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात ते मरते, आणि फार ओले राहिल्यास बुरशी धरते. म्हणून अधूनमधून पिशवी उघडून पाहावी. भाजलेले, उकडलेले किंवा सोललेले बी अर्थातच रुजत नाही.

मूळ बियाच्या टोकाकडून बाहेर पडते, म्हणून बी आडवे ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरतात. बीजदले मातीतच राहतात आणि सोटमूळ वेगाने खाली जाते. त्यामुळे पसरट कुंडीपेक्षा खोल, अरुंद कुंडी बरी. उंदीर व घुशी बी उकरून नेत असल्याने वर जाळी हवी.

पुण्यात खरी अडचण मातीची आहे. चेस्टनटला आम्लधर्मी, निचऱ्याची माती मानवते. शहराच्या परिसरातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात, आणि पाणी साचल्यास फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे मुळे कुजतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याची तांबडी माती, पानांचे खत व भरड वाळू यांचे मिश्रण त्यामानाने योग्य ठरते. विहिरीच्या क्षारयुक्त, जड पाण्यापेक्षा साठवलेले पावसाचे पाणी चांगले.

शरदातील बी फ्रीजमधून निघते तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो, म्हणजे कोवळ्या रोपाला लगेच एप्रिल-मेचा उन्हाळा सोसावा लागतो. पहिल्या वर्षी सकाळचे ऊन व दुपारी दाट सावली, एवढी व्यवस्था केल्यावाचून पेरणी करू नये. अनुकूल हवामानात बियांपासूनच्या झाडाला साधारण पाच ते आठ वर्षांनी फळ धरते, आणि परपरागणासाठी किमान दोन झाडे लागतात. पुण्यात मात्र पुरेशा थंडीअभावी फळाची आशा धरण्यापेक्षा रोप वाढवून हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंडातील थंड उंचीवर लावणे अधिक शहाणपणाचे आहे.