मोतीबिंदू ‘पिकू द्या’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

पासष्टी-सत्तरीतल्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलये दिसू लागतात, पोथीची अक्षरे पुसट होतात, पायरीचा अंदाज चुकतो. तपासणीत मोतीबिंदू निघतो आणि घरी परतल्यावर कोणीतरी मायेने सांगतो, ‘अजून पिकला नाही, पिकू द्या, मग काढू.’ आजच्या शस्त्रक्रियेत या सल्ल्याला आधार उरलेला नाही, हे नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तरीही तो निव्वळ अडाणीपणातून जन्मला, असे मानणे अन्यायाचे होईल. जवळजवळ प्रत्येक काळात या वाक्यामागे शस्त्रक्रियेच्या अनुभवातून आलेले ठोस कारण होते. ती कारणे बदलत गेली, एकेक करून संपलीही, आणि वाक्य मात्र तसेच राहिले.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. चाळिशीच्या सुमारास त्याची लवचिकता कमी होते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. त्या चष्म्यालाच मराठीने ‘चाळिशी’ हे नाव देऊन टाकले आहे. पुढे वय वाढते तशी याच भिंगातील प्रथिने गोळा होऊ लागतात, पारदर्शकता जाते आणि भिंग आधी पिवळसर-करडे, मग कधी तपकिरी तर कधी पांढरेशुभ्र होते. बाहुलीत मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसतो तो या शेवटच्या अवस्थेत, आणि ‘मोतीबिंदू’ हे नाव त्याच अवस्थेचे वर्णन करते. म्हणजे नाव पडले ते पूर्ण झालेल्या आजारावरून. त्यात आपल्याकडे गळू पिकल्याशिवाय फोडू नये, फळ पिकल्याशिवाय तोडू नये, हा व्यवहार ठाऊक असल्यामुळे ‘पिकणे’ हे क्रियापद मोतीबिंदूला सहज चिकटले.

या विचाराची लेखी मुळे मात्र फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावर, म्हणजे मोतीबिंदूशी जुळणाऱ्या विकारावर, शलाकेने (टोकदार सळईसारख्या सुईने) करावयाच्या वेधनाचे सविस्तर वर्णन आहे. शलाकेचे टोक जवाच्या आकाराचे असावे, रुग्णाने नजर कुठे ठेवावी, नंतर शिंक, खोकला आणि ढेकर कसे टाळावेत, इथपर्यंतच्या सूचना त्यात आहेत. या पद्धतीत भिंग डोळ्याबाहेर काढले जात नसे. ते सुईने बाहुलीमागून खाली, डोळ्याच्या आतल्या पोकळीत ढकलले जाई आणि प्रकाशाची वाट मोकळी होई. वाग्भटाने अष्टांगहृदयात याच वेधनासाठी दोन अटी घातल्या आहेत: लिंगनाश ‘सुजात’ असावा, म्हणजे पूर्ण तयार झालेला असावा, आणि रुग्णाला त्या डोळ्याने काही दिसत नसावे. कारणही तिथेच दिले आहे. नीट तयार न झालेला, दह्याच्या निवळीसारखा पातळ दोष शलाकेने खाली ओढला तरी पुन्हा वर येतो. मला हे कारण फार महत्त्वाचे वाटते, कारण ते पाहून, करून आणि चुकून मिळालेले ज्ञान आहे. कडक झालेले भिंग एकसंध सरकते. मऊ, अर्धवट गढूळ भिंग सुईखाली फाटते किंवा परत वर येते. त्या तंत्रात वाट पाहणे हाच योग्य निर्णय होता.

भिंग खाली ढकलण्याची ही रीत पुढे शतकानुशतके टिकली, पण शास्त्रापासून सुटून. उत्तर हिंदुस्थानात ‘सथिया’ म्हणून ओळखले जाणारे फिरते लोक गावोगाव जाऊन सुई टाकत. रुग्णाला त्याच क्षणी बोटे दिसत, गाव अचंबित होई, बिदागी मिळे आणि सुई टाकणारा पुढच्या गावाला निघून जाई. अस्वच्छ सुईने झालेला जंतुसंसर्ग, आत तरंगणाऱ्या भिंगामुळे येणारी सूज आणि वाढणारा दाब हे सगळे तो गेल्यावर उघड होई. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि तात्पुरत्या यशामागे किती डोळे कायमचे जातात हे त्यातून स्पष्ट झाले. याच्या उलट उदाहरण तंजावरच्या मराठी दरबारात त्याआधी सुमारे शंभर वर्षे सापडते. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या शरफोजीराजांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकीय संस्थेत नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवली जात. ती आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रुग्णाची नोंद ठेवणे आणि त्याच्या डोळ्याचे पुढे काय झाले हे पाहणे, नेमके हेच फिरत्या सुईवाल्याला जमणारे नव्हते.

युरोपात जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने १७४७ मध्ये भिंग ढकलण्याऐवजी बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, छेद देऊन ते बाहेर काढले आणि १७५२ मध्ये ही पद्धत पॅरिसच्या शल्य अकादमीपुढे मांडली. इथे पिकण्याला नवे कारण मिळाले. या शस्त्रक्रियेत भिंगाचे आवरण फोडून आतला गर काढत. मोतीबिंदू कच्चा असेल तर गराचा बाहेरचा थर आवरणाला चिकटून राही, तो पूर्ण निघत नसे, मागे राहिलेल्या तुकड्यांनी डोळा सुजे आणि बाहुली पुन्हा झाकली जाई. भिंग पूर्ण पिकलेले असेल तर गर आवरणापासून सुटा होऊन सहज बाहेर येई. ही अडचण इतकी जाचक होती की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन नेत्रतज्ज्ञ फोर्स्टर यांनी भिंगाला बुबुळावरून चोळून मोतीबिंदू कृत्रिमरीत्या पिकवण्याचा उपाय सुचवला होता. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करण्याची युक्ती दाखवली, आणि तोवर शस्त्रक्रियेची निर्जंतुक पद्धतही रूढ होऊ लागली होती. शस्त्रक्रिया सुसह्य झाली, तरी पिकण्याची अट कायम राहिली.

ती अट तांत्रिकदृष्ट्या मोडली ती हिंदुस्थानातच. पंजाबात जालंदरला नेमणुकीवर असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे हेन्री स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भिंग आवरणासकट, अख्खेच्या अख्खे, बाहेरून दाब देऊन काढण्याची पद्धत हजारो रुग्णांवर वापरली. ती पाहायला परदेशातून डॉक्टर येत. आवरणच राहत नसल्यामुळे आत काही चिकटून राहण्याचा प्रश्न नव्हता, आणि म्हणून कच्चा मोतीबिंदूही काढता येऊ लागला. हिशेबाने पाहिले तर ‘पिकू द्या’ हा सल्ला इथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण आता अडचण शस्त्रक्रियेनंतरच्या चष्म्याची होती. भिंग काढून टाकलेल्या डोळ्याला त्याच्या जागी काहीतरी लागते, आणि त्या काळी ते काहीतरी म्हणजे अधिक दहा नंबरच्या आसपासचा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत आजी-आजोबांचे डोळे ज्याच्यामागे अवाढव्य दिसतात, तो हा चष्मा. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या आणि त्यामुळे जवळ भासत. पेला उचलायला हात पुढे केला की तो अलीकडेच थांबे, उंबरठ्यावर ठेच लागे. काचेच्या कडेशी दृष्टिक्षेत्राचा एक कडेभर पट्टा गायब होई आणि बाजूने येणारी व्यक्ती किंवा सायकल एकदम समोर प्रकटल्यासारखी वाटे. एका डोळ्याचे ऑपरेशन होऊन दुसरा बरा असेल तर हाल अधिकच, कारण दोन डोळ्यांतल्या प्रतिमांचे आकार इतके वेगळे की मेंदूला त्या जुळवताच येत नसत. चष्मा फुटला किंवा हरवला तर माणूस पुन्हा आंधळा, आणि खेडेगावात तो नंबर पुन्हा बनवून मिळणे सोपे नव्हते. शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस उताणे निजावे लागे, ते वेगळेच. ज्याला थोडेबहुत दिसते आहे त्याला या सगळ्यात लोटण्यापेक्षा दृष्टी पुरती जाईपर्यंत थांबवणे हा डॉक्टरांचा विचार रुग्णाच्या हिताचाच होता. आजच्या ज्येष्ठांच्या मनातली भीती बहुधा याच काळातली आहे: त्यांनी आपल्या आई-वडिलांना त्या चष्म्यात चाचपडताना पाहिलेले आहे.

नेत्रशिबिरांनी या सल्ल्याला सामाजिक रूप दिले. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या शल्यविशारदांनी शाळा, धर्मशाळा, मंडप अशा मिळेल त्या जागी एका दिवसात शेकडो शस्त्रक्रिया केल्या आणि ज्यांच्यापर्यंत रुग्णालय कधीच पोहोचले नसते अशा लाखोंना दृष्टी दिली. पण शिबिर येई वर्षातून एकदा, बहुधा थंडीत, शेतीची कामे उरकल्यावर. खाटा मोजक्या, रांग लांब. अशा वेळी दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला माणूस आधी घेतला जाई आणि बाकीच्यांना ‘पुढच्या वर्षी या, अजून पिकला नाही’ असे सांगितले जाई. निवड करण्याची ती सक्ती होती. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र ती वैद्यकीय नियम म्हणून पडली. ‘मोतीबिंदूचे ऑपरेशन थंडीतच करावे’ ही समजूतही याच शिबिरांच्या वेळापत्रकातून घट्ट झाली असावी, असे मला वाटते. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अंधत्वाची सीमा चांगल्या डोळ्याने ६/६० पेक्षा कमी दिसणे अशी धरली होती (६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरूनच दिसणे). कार्यक्रमाचा भर साहजिकच अंधत्व आल्यावर ते दूर करण्यावर राहिला.

दरम्यान लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हॅरल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवले होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. समव्यावसायिकांचा विरोध त्यांना अनेक वर्षे सोसावा लागला; अमेरिकेत अशा भिंगांना औपचारिक मान्यता मिळायला १९८१ उजाडले. भारतात ही भिंगे परदेशातून येत आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असत. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईला अवघ्या ११ खाटांनी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ काढून ती देशातच, कित्येक पटींनी कमी किमतीत बनवली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. मंडपातल्या शस्त्रक्रियांकडून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांकडे आणि जाड चष्म्याकडून आतल्या भिंगाकडे देश वळला तो याच वर्षांत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी केलेल्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया आणि आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी घेतलेली शिबिरे यांनी बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेवरचा विश्वास महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचवला. आतले भिंग बसू लागले आणि थांबण्याचे दुसरे मोठे कारणही संपले.

यानंतर तर जुना न्याय उलटाच झाला. दंतवैद्याच्या ध्वनिलहरींच्या उपकरणावरून कल्पना घेऊन चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये भिंग आतल्या आत फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत आणली. तिच्यात मऊ भिंग सहज फुटते. पिकून तपकिरी, दगडासारखे झालेले भिंग फोडायला अधिक ऊर्जा लागते, आणि ती बुबुळाच्या आतल्या, पुन्हा न वाढणाऱ्या पेशींना इजा करते. जी अवस्था वाग्भटाला आणि दाव्हिएलला सोयीची होती, ती आज अवघड मानली जाते. कडक मोतीबिंदू छोट्या छेदातून अखंड काढण्याचे कौशल्य भारतीय डॉक्टरांनी चांगलेच कमावले आहे, म्हणून उशीर झालेल्या माणसानेही आशा सोडण्याचे कारण नाही. पण अति पिकलेले भिंग फुगून डोळ्याच्या आत खेळणाऱ्या पाण्याची वाट अडवते, किंवा त्याचा द्रव आवरणातून झिरपतो. मग डोळा लाल होतो, डोके असह्य दुखते, उलट्या होतात आणि वाढलेल्या दाबाने दृष्टीची नस मरू लागते. त्यानंतर केलेली शस्त्रक्रिया मोतीबिंदू काढते, पण नसेचे नुकसान भरून काढू शकत नाही.

वाट पाहण्यातला आणखी एक धोका कमी बोलला जातो. मोतीबिंदू पिकतो आहे या समजुतीत घरी बसलेल्या प्रत्येकाला मोतीबिंदूच असतो असे नाही. काचबिंदूत नजर कडेकडून, वेदनेशिवाय कमी होत जाते. मधुमेहात दृष्टिपटलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या, रक्तवाहिन्या बिघडतात. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची वयानुसार झीजही होते. यांत गेलेले सहसा परत मिळत नाही, उरलेले वाचवता येते. शिवाय पांढऱ्या झालेल्या भिंगातून डॉक्टरांना मागचा पडदाच दिसत नाही, त्यामुळे हे आजार मोतीबिंदूआड लपून वाढतात. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आढळले, म्हणजे उपाय हाताशी असलेल्या आजारामुळे. याचा अर्थ मोतीबिंदू दिसला की लगेच काढावा असाही नाही. सुरुवातीच्या मोतीबिंदूत चष्म्याचा नंबर बदलून काही वर्षे चांगली जातात, आणि निर्णय ठरतो तो त्या माणसाची रोजची कामे अडू लागली का, यावर.

दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र जुनी भाषा अजून टिकून आहे. निदानाच्या रकान्यात आजही ‘इममॅच्युअर’, ‘मॅच्युअर’, ‘हायपरमॅच्युअर’ असे लिहिले जाते. डॉक्टरांसाठी ते भिंगाच्या गढूळपणाचे वर्णन असते. घरी तो कागद वाचणारा मुलगा किंवा सून त्याचा अर्थ ‘अजून कच्चा आहे’ असा लावतात आणि कागद घडी घालून कपाटात ठेवतात. त्याच कागदावर, त्या शब्दाच्या खाली, आजोबांना रात्री गल्लीतून चालता येत नाही किंवा आजींना सुईत दोरा ओवता येत नाही, हे लिहायला सहसा रकानाच नसतो.